आईकडून आलेलं

शुक्रवार, संध्याकाळ

कारंज्याच्या शोभाताईंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. त्यांचा मुलगा ऐन तिशीत हृदयविकारानं गेला, म्हणून आम्ही घरच्यांच्या जनुकांची तपासणी केली. आज ताईंना सांगितलं, रक्तातली चरबी वाढवणारा हा दोष तुमच्याकडून आलाय, लेकीतही आहे.

“म्हणजे माह्या पोराले म्याच मारलं का जी, मॅडम?”

इतकी वर्षं यावर संशोधन करते, तरी मी नुसती अहवालाची पानं उलटत राहिले.

शेवटी लेक पल्लवीच बोलली, “आई, तुले हे आजीकडून आलं. तिच्यावर रागावशीन का तू?”

ताईंनी नाही म्हणून मान हलवली. खूप रडल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “हिच्या गोळ्या आजच सुरू करा. माह्या मंग पाहू.”

दोघींच्याही आजच सुरू केल्या.