आधी मालक, मग सेनापती

१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. घरात मोठी घटना घडते आहे आणि ती नीट लिहून ठेवेल असं माझ्याशिवाय कोणी नाही. दुपारी रॉटवायलर येतोय.

कारण लिहून ठेवतो. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मी तक्रारीचा फोन घेतो. अडकलेला माणूस फोन करतो, मी म्हणतो, घाबरू नका, माणूस निघालाय. मग मेकॅनिकला फोन लावतो, तेव्हा तो चहा पीत असतो. मागच्या आठवड्यात सुपरवायझरची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, काम तुमचं चोख आहे हो, पण तुम्ही पडलात मऊ. मेकॅनिक तुम्हाला भीत नाहीत.

मुलगी कॉलेजनंतर प्राण्यांच्या निवाऱ्यात मदतीला जाते. तिथल्या एका कुत्र्याला काही दिवस घरी ठेवू या, असं तिचं कधीपासून टुमणं होतं. मी नाही म्हणत होतो. साहेब बोलले त्या संध्याकाळी हो म्हटलं. रॉटवायलर फिरवणाऱ्या माणसाला मऊ म्हणायची कोणाची छाती आहे, ते बघतोच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आला. अंदाजापेक्षा बराच मोठा. भंगाराच्या वखारीत जन्मभर साखळीला होता म्हणे. निवाऱ्याच्या मॅडम सोबत आल्या होत्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दर रविवारी त्यांचा फोन येणार, कुत्रा कसा वागतो ते मी सांगायचं. त्यावरून निवाऱ्यातले लोक ठरवणार, त्याला पुढच्या रांगेत ठेवायचं की मागच्या. पुढच्या रांगेतले कुत्रे लोकांना दाखवतात, त्यांना घर मिळतं. मागच्या रांगेबद्दलही काहीतरी म्हणाल्या, पण मी तेव्हा पट्टा शरीरापासून किती लांब धरावा याचा विचार करत होतो.

नाव ठेवलं सेनापती. बायको त्याला ठोंब्या म्हणाली आणि त्याने शेपूट हलवली. जनावराला शब्द कळत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं.

२ फेब्रुवारी
बेडरूमचं दार आतून लावून झोपलो. नव्या जागेत त्याला एकांत हवा असतो.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. कुत्र्याला आपण टोळीचे प्रमुख आहोत हे पहिल्या दिवशीच पटवायचं. प्रमुख आधी खातो. म्हणून नवा नियम: रोज सकाळ-संध्याकाळ त्याची वाटी भरली की मी त्याच्यासमोर एक बिस्कीट खाणार, मगच त्याने तोंड लावायचं. वाटी बायको भरते. मी स्वयंपाकघराच्या दारातून खातो. व्हिडिओत तो माणूस अगदी वाटीजवळ बसला होता, पण त्याचं स्वयंपाकघर मोठं होतं.

मॅडमचा फोन. म्हटलं, रुळतोय.

६ फेब्रुवारी
पहिल्यांदा खाली फिरायला नेलं. वाटेत मांजर आडवं आलं. सेनापती माझ्या पायामागे गेला. यालाच मोर्चेबांधणी म्हणतात.

समोरच्या फ्लॅटमधले वकील लिफ्टमधून बाहेर पडत होते. आम्हाला पाहून ते परत लिफ्टमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं. मी इथे इतकी वर्षं राहतोय, या माणसाने माझ्या नमस्काराला कधी धड उत्तर दिलं नाही. फार बरं वाटलं. उद्या दोनदा नेणार.

९ फेब्रुवारी, रविवार
मॅडमनी विचारलं, कसा आहे? रुळतोय, असं सारखं तेच काय सांगणार. म्हटलं, जनावर भयंकर आहे हो, पण माझ्यापुढे मांजर. परवा गॅसवाल्याच्या अंगावर झेपावला, मी एका शब्दात जागच्या जागी बसवला.

तपशील थोडा फुलवला. मूळ घटना खरी आहे. गॅसवाला आला होता आणि कुत्रा घरात होता. पलंगाखाली होता. बाहेर काढायला गॅसवाल्यानेच मदत केली.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात बातमी पसरली. म्हणजे मीच सांगितली. जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले सगळे. मेकॅनिक लोक आता पहिल्या रिंगला फोन उचलतात आणि खरंच निघालेले असतात. साहेब स्वतः टेबलाशी आले. आवाजात बदल झालाय तुमच्या, म्हणाले.

घरी कळवलं. बायको म्हणाली, सर्दी झालीय तुम्हाला.

१७ फेब्रुवारी
सोफ्याबाबत कडक धोरण. सेनापतीने सोफ्यावर चढायचं नाही.

१८ फेब्रुवारी
सेनापती सोफ्यावर. मी खाली सतरंजीवर. प्रमुखाने अधूनमधून जमिनीवर बसावं, त्याने टोळीत विश्वास वाढतो. हे व्हिडिओत नाही, माझं निरीक्षण आहे. कंबर धरली.

२३ फेब्रुवारी, रविवार
मॅडमनी विचारलं, कोणाला चावला का? म्हटलं, अजून तरी नाही. मी आहे म्हणून. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही नसाल तेव्हा? मी जरा थांबलो आणि म्हटलं, देव जाणे.

वाक्य जमलं होतं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला सांगून लिहून घेतलं. परिणाम झाला असणार.

२८ फेब्रुवारी
शेजारच्या मुलांनी जिन्यात फुगा फोडला. सेनापती थेट माझ्या मांडीवर. मी त्या वेळी स्टुलावर होतो. स्टूल आता नाही.

ऑफिसात लंगडत गेलो. काय झालं, विचारलं. म्हटलं, झटापट. अधिक बोललो नाही. दुपारी साहेबांनी आत बोलावलं. सुपरवायझरची जागा माझी. फक्त मुख्य ऑफिसच्या गावी आठवडाभराचं ट्रेनिंग करून यायचं, मग ऑर्डर हातात. हे सगळं एका कुत्र्यामुळे नव्हे, तर त्याच्यामुळे माझ्यातले दबलेले गुण वर आले म्हणून.

४ मार्च
टोमॅटो चिरताना बोट कापलं. मोठी पट्टी बांधली, म्हणजे जखमेच्या मानाने मोठी. लिफ्टमध्ये वकील भेटले. पट्टीकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. चावला का, विचारलं. मी नुसता हसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही.

बायको म्हणाली, टोमॅटो म्हणून सांगायला काय धाड भरली होती?

८ मार्च, शनिवार
वाईट दिवस. वकिलांनी निवाऱ्यात तक्रार केली. मॅडमचा फोन मुलीला आला. माझं रविवारचं सगळं बोलणं आणि त्यात ही पट्टी. कुत्रा धोकादायक ठरला. बुधवारी गाडी येणार आणि त्याला मागच्या रांगेत नेणार.

मागची रांग म्हणजे काय, ते मुलीने सांगितलं. तिथले कुत्रे कोणाला दाखवत नाहीत. त्यांना फिरायला नेत नाहीत. दाराच्या फटीतून जेवण आत सरकवतात आणि ते मरेपर्यंत तिथेच राहतात. वखारीत निदान आभाळ दिसायचं त्याला, म्हणाली.

मग तिने शांतपणे विचारलं, बाबा, तुम्ही रविवारी काय सांगत होता? म्हटलं, साधारण माहिती. ती न जेवता आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बायको म्हणाली, तुमच्या फुशारक्यांपायी त्या मुक्या जनावराला जन्मठेप.

सेनापतीला काही माहीत नाही. सोफ्यावर घोरतोय.

९ मार्च, रविवार
मॅडमना मीच फोन केला. म्हटलं, कुत्रा गायीसारखा गरीब आहे, फुग्याला भितो, मांजराला भितो, मिक्सर लावला की न्हाणीघरात जाऊन बसतो. त्या म्हणाल्या, गाडी यायची वेळ झाली की सगळे हेच म्हणतात. आजवर मी जे सांगितलं ते सगळं त्यांनी मानलं होतं. आज पहिल्यांदा खरं सांगितलं, तर विश्वास नाही. लोकांचं काही कळत नाही.

एवढी एक सूट दिली: बुधवारी गाडीबरोबर परीक्षा घेणाऱ्या बाई येतील. त्यांची खात्री पटली तर गाडी रिकामी जाईल.

दोन दिवस भरपूर आहेत. माझ्या एका शब्दावर सेनापती बसतो, हे दाखवून टाकतो.

११ मार्च
बस म्हटलं की बसत नाही. कसं बसायचं ते मी बसून दाखवलं. तो येऊन माझ्यावर बसला. तत्त्व त्याला समजलंय, जागा ठरायची आहे.

१२ मार्च, बुधवार, दुपार
सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

परीक्षेच्या बाई किरकोळ अंगाच्या, फारसं न बोलणाऱ्या. तक्रारदार म्हणून वकीलही होते, दारापाशी, चपला पायातच ठेवून. बाईंनी छत्री फटकन उघडली. सेनापती माझ्या खुर्चीखाली शिरला आणि खुर्ची माझ्यासकट उचलली गेली. बाईंनी काही टिपून घेतलं.

मग म्हणाल्या, आता शेवटचं. जेवणाची वाटी भरून समोर ठेवा, त्याने तोंड घातलं की मालकाने वाटीत हात घालायचा. धोकादायक कुत्रा इथेच कळतो.

मुलीने वाटी ठेवली. मी पुढे झालो. माझा हात काही खाली जाईना. त्याच्या तोंडाजवळ मी एवढ्या दिवसांत कधी हात नेलाच नव्हता. बाई थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. गाडीचं इंजिन खाली चालूच होतं, ते ऐकू येत होतं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं की मला त्याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. तो कोणावर झेपावला नाही, कोणाला चावला नाही, बोट टोमॅटोने, म्हणजे सुरीने कापलं. वकिलांसमोर बोललो हे सगळं.

बाई म्हणाल्या, ते ठीक, पण हात घालावाच लागेल. मी डोळे मिटले आणि घातला.

काही झालं नाही. डोळे उघडले तर सेनापती वाटीपासून मागे सरून उभा. त्याने अन्नाला तोंडच लावलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. मग पुढे आला आणि नाकाने वाटी माझ्याकडे ढकलली.

बाईंनी विचारलं, हा खात का नाही? बायको म्हणाली, यांनी आधी खाल्ल्याशिवाय तो खात नाही. यांनीच लावलेली सवय. बाई म्हणाल्या, मग खा.

बिस्कीट आणायला सेनापतीने उठू दिलं नाही, अंगाला टेकूनच उभा राहिला. वाटीतला एक दाणा घेतला. डॉग फूडचा. सगळ्यांसमोर चावून खाल्ला. तेव्हा कुठे त्याने तोंड घातलं, माझा हात आत असताना, आणि बोटं बाजूला सारत सारत सगळं संपवलं. शेवटी बोटंही चाटली, पट्टीसकट.

गाडी रिकामी गेली. मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याही पडली, पण त्याच्यानंतर.

सेनापती माझ्या खाद्यपद्धतीमुळे परीक्षेत उत्तीर्ण झाला, याची नोंद असावी.

१३ मार्च
वकील लिफ्टमध्ये भेटले. पळाले नाहीत. सेनापतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, काय, जेवलात का?

१५ मार्च
निवाऱ्यातून फोन. पुढच्या रांगेत नाव लागलं. एक कुटुंब बघायला येणार, बंगला आहे, बाग आहे. उत्तम. आपलं काम सांभाळण्याचं होतं, ते झालं. मला काही वाटत नाही. बंगल्याच्या फाटकाची उंची तेवढी विचारून घ्यायला सांगितली. फरशी कोणती, तेही. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात. बागेत मांजरं येतात का, हेही कळलं तर बरं.

१७ मार्च, सोमवार, सकाळ
ट्रेनिंगला निघालो. सुपरवायझर. आठवडा म्हणजे काहीच नाही. ते कुटुंब उद्या येईल, मी परतेन तेव्हा सेनापती गेलेला असेल. निरोपबिरोप घेतला नाही. भावनेला थारा दिला की हाताखालची माणसं डोक्यावर बसतात.

१७ मार्च, संध्याकाळ, ट्रेनिंगच्या गावी
बायकोचा फोन. सकाळपासून खाल्लं नाही. तिने बिस्कीट खाऊन दाखवलं, मुलीने दाखवलं. तो वाटीजवळ उभा राहून दाराकडे बघतो. म्हटलं, लाड करू नका, भूक लागली की खाईल.

१८ मार्च, दुपार
पाणीसुद्धा नाही. कुटुंब येऊन गेलं. माणसं चांगली, कुत्रा आवडला. मॅडमनी सवयीचं खरंखरं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे कुत्र्याबरोबर हा माणूसही न्यायचा का? आणि गेले.

आता व्याख्यान चालू आहे. विषय: हाताखालच्या माणसांपुढे ठाम कसं राहावं. वक्त्याचा आवाज बारीक आहे आणि हॉलचा एसी मला सोसत नाही. एकूण दर्जा नाही ट्रेनिंगला.

बाहेर येऊन घरी फोन लावला. फोन त्याच्या कानाला लाव म्हटलं. नुसता श्वास ऐकू येत होता. मग ऑफिसात रोज म्हणतो तेच म्हटलं. घाबरू नका, माणूस निघालाय.

१९ मार्च, सकाळ, घरी
दार उघडलं तर वाटीजवळच होता. बॅग खांद्यावर, बूट पायात, तसाच बसलो आणि दाणा खाल्ला. त्याने खाल्लं. मग पुन्हा वाटी भरली, पुन्हा मी, पुन्हा तो. बायको दारात उभी होती. तिने चहा टाकला.

साहेबांना फोन केला, एसीचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. जागा दुसऱ्याला देतो म्हणाले. आणि म्हणाले, मी पहिल्यापासून म्हणत होतो.

२३ मार्च, रविवार
मॅडमचा फोन आला. मी उचलला तर म्हणाल्या, तुमच्या मिसेसना द्या. सेनापती कायमचा इथेच राहणार, मुलीच्या नावावर. मुलगी अठराच्या पुढची आहे आणि परीक्षेच्या बाईंच्या मते घरात तीच जबाबदार आहे. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव ठोंब्या. मग दर रविवारप्रमाणे त्यांनी विचारलं, कसा वागतो? बायको म्हणाली, अगदी शहाणा आहे, सांगितलेलं ऐकतो, आता भीतही नाही. थोडं बोलणं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे कुत्र्याबद्दल नव्हतं.