दारावरचा अंगठा

मंगळवार, दिवेलागण

लिही गं सोने, आजी सांगतीय तसं. आज सुप्याला चहाच्या टपरीपुढं आमची जुनी फियाट उभी! दार उघडं, अन् दाराच्या कडेला माझा अंगठा. रंग ओला असताना मीच उमटवलेला. मला नंबर वाचता येत न्हाई, पण सवताचा अंगठा वळखू नये व्हय?

तुझा आजा तर म्हनला हुता, गाडी भंगारात गेली. घरी येऊन इचारलं, तर म्हनतो, "विकली म्हटलं असतं, तर रोज सडकंला जाऊन बसली असतीस."

"बसले असते की! दिसली तरी असती."

सोने, शाई आन. या पानावर अंगठा लावते. अन् तुझ्या आज्याला सांग, हे तरी भंगारात गेलं म्हनू नको.