वन्संना, वीजवाल्याबद्दल

३ मार्च

ती. वन्सं यांना नमस्कार.

पत्रास कारण की, तुम्ही फोन उचलत नाही. महिना होत आला. मेसेज पाठवला तर न वाचताच पुसून टाकता, हे तुमच्या सुनेकडून कळलं. (तिला रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं.) म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. फाडायचं झालं तरी आधी पाकीट फोडावं लागतं, आणि एकदा फोडलं की तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा तुम्ही शेवटपर्यंत वाचता.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघराला रंग दिला, जरा जास्तच पिवळा झालाय. माझा गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो, एरवी गप्प असतो. तुमचा भाचा नव्या नोकरीत रुळला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, तरी मी त्याला आधी सांगितलं आणि तुम्हाला नंतर सांगणार होते. त्याने मला ते "नंतर" ठेवलंच नाही.

तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हणालात, "माझ्या भावाची जागा भरायला निघालीस?" आणि फोन ठेवलात. तेव्हापासून मला काही गोड लागत नाही असं लिहिलं असतं, पण ते खोटं होईल. सगळं गोड लागतं आणि तुमची आठवण आली की घास हातातच राहतो. तुमच्याशी बोलणं तुटलेलं मला सोसत नाही, वन्सं. बाकी कोणाची मी फारशी पर्वा करत नाही.

तर आधी डेपोचं सांगते. भुवया उंचावू नका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या बस कंपनीने डिझेलच्या गाड्या काढून विजेच्या घ्यायचं ठरवलं, तेव्हा यांना वीज आणायची कुठून, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. गाड्या विकत घेणं सोपं. पण चाळीस गाड्या संध्याकाळी येऊन एकदम चार्जिंगला लागल्या, तर जेवढी वीज खातील तेवढी आमच्या सबंध वस्तीला मिळून लागत नाही. मी वाढीव वीज मागायला वीज कंपनीत गेले. तिथे भार मंजूर करणाऱ्या खुर्चीत ते बसले होते. तुम्ही ज्यांना "तो वीजवाला" म्हणता, ते.

त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, एवढी वीज तुम्हाला दिली तर शेजारच्या दवाखान्याने काय मेणबत्त्या लावायच्या?"

"मग नवी केबल टाका."

"टाकू की. रस्ता खणायची परवानगी, नवा ट्रान्सफॉर्मर, दोन वर्षं धरा."

"अहो, बस चार महिन्यांत येतायत!"

"मग त्यांना सांगा, सावकाश या."

मी तणतणत घरी आले आणि तुम्हालाच फोन केला, आठवतं? तुम्ही म्हणालात, "असल्या माणसाला चांगला धडा शिकवायला हवा." तो धडा पुढे वर्षभर चालला, त्याला मी काय करू.

कारण पुढच्याच आठवड्यात हा माणूस न बोलावता डेपोच्या फाटकाशी येऊन उभा. तासभर येणाऱ्या बस बघत होता. मी जाऊन विचारलं, काय हवंय. तर म्हणाले, "तुमच्या बस रात्रभर करतात काय?"

"करणार काय? उभ्या असतात."

"मग घाई कोणाला आहे? बसला, की तुम्हाला?"

राग आला, आणि पटलंही. मग आम्ही बसून सगळं नव्याने आखलं. एका वेळी बाराच गाड्यांना वीज. एक भरली की रांगेतली पुढची आपोआप सुरू होणार. संध्याकाळी घराघरांत दिवे आणि पंखे चालू असतात तेव्हा आम्ही हात आखडता घ्यायचा, आणि वस्ती झोपली की सढळ. रस्ता न खणता काम भागलं. वरचे साहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी वीज पदराला बांधून आणली.

पण माणसं म्हणजे माणसं. बस आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सकाळी एका गाडीची बॅटरी अर्धी रिकामी निघाली. दुसऱ्या दिवशी तीच. मग रोजच तीच. आणि ती गाडी कोणाची, तर ज्यांना सगळे मामा म्हणतात त्या ड्रायव्हरची. हे मामा गाडीची काच स्वतःच्या चष्म्याआधी पुसतात. डेपोत बोभाटा झाला की वीजवाले मधूनच वीज तोडतात. मॅनेजर मला म्हणाले, "विचारा तुमच्या त्या साहेबांना." हे "तुमच्या" मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. खरं तर तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यांना बोलावलं. संध्याकाळी आम्ही दोघं गाड्या धुतात तिथे बादल्या पालथ्या घालून बसलो. मामा आले, गाडी लावली, प्लग खोचला. पिवळा दिवा लागला. पिवळा म्हणजे नंबर लागलाय, वाट बघा. हिरवा म्हणजे वीज सुरू. मामा दहा पावलं गेले, वळून बघितलं, परत आले, प्लग काढला आणि पुन्हा खोचला. चहा घेऊन आले, पुन्हा तेच. घरी निघताना आणखी एकदा. आणि दर वेळी प्लग काढला की यंत्राच्या हिशेबी गाडी नव्याने आलेली, म्हणजे थेट रांगेत शेवटी. सगळ्या डेपोत ज्याचा जीव गाडीसाठी सर्वांत जास्त तुटतो, त्याचीच गाडी उपाशी!

मी ओरडायला उठले, तर यांनी माझी बाही धरली. "ओरडू नका. विचारू या."

मामा म्हणाले, "पिवळा दिवा बघून जिवाला चैन पडत नाही हो. डिझेलचं कसं, टाकी भरली, झाकण लावलं, घरी गेलो. हिला उपाशी ठेवून जाऊ कसा?"

मला हसू आलं. हे हसले नाहीत. एक खुर्ची मामांना दिली, एक स्वतःला घेतली आणि दिवा हिरवा होईपर्यंत त्यांच्याबरोबर बसून राहिले. वाट बघणं कसं चालतं ते सांगितलं, मग त्यांच्या नातीच्या शाळेचं ऐकलं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला दुसरं काम नव्हतं असं नाही. हिरवा दिवा लागला तेव्हा मामांनी टोपी काढून गाडीलाच नमस्कार केला. आता आम्ही प्रत्येक खांबावर रंगवून घेतलंय, "पिवळा दिवा : नंबर लागला आहे. हात लावू नये." तरी मामा लांबून बघून जातात, पण हात खिशात ठेवून.

वन्सं, मी त्या पालथ्या बादलीवर बसल्या बसल्या या माणसात अडकले. आता लपवून काय करू?

तुमची आई गेली तेव्हा तुम्ही चौदा वर्षांच्या होतात आणि तुमच्या भावाची वेणीफणी सोडून सगळं तुम्ही केलंत. तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही माझ्यासमोर रडला नाहीत, मला सावरायचं होतं म्हणून. हे मी विसरलेले नाही. जागा भरायचं म्हणालात ना? एकच सांगते. न्हाणीघराबाहेरचा आरसा अजून तुमच्या भावाच्या उंचीवर आहे. हे बुटके. पहिल्यांदा घरी आले तेव्हा टाचा उंचावून त्यात बघत होते. मी म्हटलं, खाली घेते. म्हणाले, "नको. ज्याचा आहे त्याच्या उंचीवर राहू दे. मी भांग चाचपून पाडतो." भांग वाकडाच पडतो, पण आरसा तिथेच आहे.

मी सुखात आहे, वन्सं. हे एक वाक्य लिहायला मला महिना लागला. तुम्हाला दुखवून सुखात असणं बरं दिसत नाही, म्हणून गुडघा, रंग, बस, सगळं आधी लिहिलं.

पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आम्ही लग्नाची नोंदणी करतोय. मी परवानगी मागत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी हे करणार आहे. ते झाकून तुम्हाला पत्र लिहिणं मला जमणार नाही. पण साक्षीला सही लागते. त्यांच्याकडून त्यांचा भाऊ आहे. मला ना आईवडील, ना भाऊबहीण. माहेर म्हणून मी गेली वीस वर्षं तुमच्याच घरी येते. तुम्ही आला नाहीत तर कचेरीतला कोणी तरी सही करील, कायद्याला तेवढं चालतं. मला चालणार नाही.

तुमचीच,
यापुढेही,
भावजय

*

११ मार्च

अनेक आशीर्वाद.

पाकीट मी फोडलंच नव्हतं. तीन दिवस कपाटावर ठेवलं. शेवटी सुनेने फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागली, तेव्हा तिच्या हातातून ओढून घेतलं. तू मला ओळखतेस असं समजू नकोस.

भाच्याने मला एवढं सगळं सांगितलं, पण माणूस बुटका आहे हे सांगितलं नाही.

त्या दिवशी फोनवर बोलले ते रागाच्या भरात, असं म्हणणार होते. पण ते मनातलंच होतं. आता कमी झालंय. सगळं गेलेलं नाही, थोडं राहील. त्यासकट येते. मध्येच डोळे भरून आले तर कोणी समजूत काढायला येऊ नका, आपोआप थांबेन.

पुढच्या महिन्यात बाराला सकाळी पोचते. सही तुझ्या बाजूने मीच करणार. मला कोणी नाही असं पुन्हा लिहिलंस तर याद राख. आणि त्या माणसाला सांगून ठेव, वयाने कितीही असो, मला ताई म्हणायचं. माझ्या भावाने कधी नुसतं नावाने हाक मारली नाही, याचेही लाड होणार नाहीत.

तुझ्या दोन्ही नवऱ्यांची
थोरली बहीण