उजव्या कुल्ल्यातली कळ

३ फेब्रुवारी
दीपाला जाऊन आज दहावा दिवस. सतरंजी अजून उचललेली नाही. माणसं भेटायला येतात — दोन मिनिटं माझ्या बायकोचं, मग तासभर माझ्या पायाचं. उजव्या कुल्ल्यातून कळ निघते ती थेट पोटरीत. तोंड वाकडं होतं. लोक म्हणतात, "फार मनाला लावून घेतलंय."
रविवारी पुण्यानुमोदन. बुद्धवंदनेला मांडी घालून बसायचंय. दीपासाठी तेवढं तरी नीट व्हावं.

५ फेब्रुवारी
मेहुणा सहादू म्हणतो, मणक्याची गादी सरकली. त्याच्या सुप्याच्या कंपनीतल्या साहेबाची सरकली होती, म्हणून माझीही! भामाआत्याचं वेगळंच. "शेजारचा कारभारी पायाळू हाय. जन्मताना पाय आधी आल्याले त्याचे. त्याची लाथ बसली की उसण पळती."
"आत्या, आपण असलं मानत नाही."
"आपण न्हाई मानत. कंबर मानती!"
कारभारी सांत्वनाला आला आणि लाथ मारून गेला. जाताना म्हणाला, "भाऊसाहेब, फरक न्हाई पडला तर उद्या बी येतो."

७ फेब्रुवारी
कर्जतला गेलो. फिजिओथेरपीवाली धनश्री — मुलीच्या वयाची. "काका, मणका ठीक आहे. कुल्ल्यातला एक स्नायू आखडलाय, तो नस दाबतोय." उताणं पडायचं, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकायचा, दोन्ही छातीकडे ओढून तीस आकडे मोजायचे. लाथ नाही!
"रोज एका अंगावर कलून कुठे बसता का?"
नाही म्हणालो.

८ फेब्रुवारी
व्यायामात तेविसाव्या आकड्याला आत्या दारात. "बाई जाऊन पंधरा दिस न्हाई झालं, आन् ह्यो पाय वर करून लोळतोय!"

९ फेब्रुवारी
त्रिशरण होईपर्यंत टिकलो. पंचशीलाला कळ आली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळ्यांना बरं वाटलं. सहादूने पाठीवर हात ठेवला. "रडा दाजी, मोकळं व्हा." मला फक्त पाय लांब करायचा होता.

१२ फेब्रुवारी
पाय बराच हलका. सतरंजी उचलली. चादर बदलायला दीपाच्या पलंगावर बसलो — तर अगदी कडेला, उजव्या अंगावर कलून! लगेच कळ निघाली. तिच्या आजारपणात आठ महिने तसाच बसत होतो, तिला पाय पसरता यावेत म्हणून. धनश्रीने विचारलं तेव्हा आठवलंच नाही.
मधोमध सरकलो. कळ थांबली.
थोडा वेळ बसलो. मग पुन्हा कडेला सरकलो.