काकड्याची कॅसेट लावण्याआधी

आंबिवली,
कोजागिरीच्या आधीचा शनिवार, १९९९

आदरणीय दाजी,

नाथाचा नमस्कार. तुमचा बसलेला घसा आता कसा आहे? ताई काढा देतच असेल. बाकीची खुशाली नंतर. आधी एवढे करा की, सीतारामबरोबर पाठवलेली काकड्याची कॅसेट देवळाच्या कर्ण्यावर लावू नका. कारण बसून वाचा. मी ते उभ्याने ऐकले आणि भिंत धरावी लागली.

तुमच्या सांगण्यावरून आरत्या भरून घ्यायला मी ठाण्याजवळ दिवा गावी गुणाजीकडे गेलो. हा आमचा चुलतभाऊ ठाण्याच्या एका कचेरीत टेलिफोनवर बसतो आणि दृष्टी नसताना घरी संगणक चालवतो, हे तुमच्या कानावर असेल. त्यात लिनक्स म्हणून काही आहे. चित्र नाही, बाण नाही; हुकमाची एक ओळ टंकायची की काम सुरू. टंकलेले शेजारचा एक डबा मोठ्याने वाचून दाखवतो (इंग्रजीत, सर्दी झालेल्या साहेबासारखा. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा नकळत हात जोडले). संगणकाचा पडदा मात्र काळा ठिक्कर. मी विचारले, तर गुणाजी म्हणाला, "दादा, मला काय करायचाय तो? उगाच वीज खातो." हे पटले, आणि इथेच माझा घात झाला.

त्याने ओळ टंकली, डबा काहीतरी बोलून गप्प झाला आणि मी त्या काळ्या काचेत स्वतःचेच तोंड बघत आरत्या म्हटल्या. मन लागले होते, खोटे कशाला सांगू. शेवटची संपते न संपते तोच रंगूबाईने (गुणाजीची बायको) स्वयंपाकघरातून हाक दिली, "पाणी आलं!" दिव्यात ही हाक आली की माणूस जेवणाच्या ताटावरूनसुद्धा उठतो. गुणाजी हंडा घेऊन माझ्याआधी जिन्यात. आपल्या टेपला लाल दिवा असतो, फीत संपली की बटण खट्कन वर येते. इथे ना दिवा, ना खट्. मी समजलो, आरती संपली, यंत्रही संपले.

ते संपले नव्हते, दाजी. थांब असे टंकल्याशिवाय ते थांबतच नाही, हे गुणाजीने मला काल सांगितले, सीताराम कॅसेट घेऊन एसटीत बसल्यानंतर. (वायर लावून कॅसेट भरताना आवाज बाहेर येत नाही, त्यामुळे गुणाजीनेही ती ऐकलेली नव्हती.) मग त्याने संगणकातले लावले. आरती, आरती, आरती, आणि त्यामागोमाग दारात उभा राहून वरच्या मजल्यावरच्या आवडाबाईला तिच्या पिंपावरून बोलणारा एक इसम. "तो कोण?" असे मी गुणाजीला खरोखर विचारले. तो म्हणाला, "दादा, आता तरी ओळख." चाळीस वर्षे रोज देवाचे नाव घेणाऱ्या तोंडातून असे शब्द निघतात, हे मला ठाऊक नव्हते. देवाला बहुधा असावे.

पुढे पिंपात पाणी ओतताना घरगुती बोलणे आहे. त्यात तुमचाही उल्लेख येतो, अर्थात आदराने. पण पहाटे साऱ्या गावाने ऐकावे असे ते नव्हे. तरी कॅसेट ताईच्या धान्याच्या कोठीत टाकावी. गुणाजी शेपूट कापून दुसरी देणार आहे.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
नाथा

ता. क. आदराने म्हणालो, ते तितकेसे बरोबर नाही. दाजी असताना तू का गातोस, असे गुणाजीने विचारले, तेव्हा मी म्हणालो की, दाजी गातात तेव्हा देव जागा होतो तो दचकून. पिंप अर्धे भरले होते, कमरेत उसण होती. त्यावर रंगूबाई हसली आहे, ते फार स्पष्ट आले आहे. क्षमा असावी. घसा बरा झाला की आरती तुम्हीच म्हणावी.

ता. क. २. टपालाआधी काकडा सुरू झालाच असेल आणि कॅसेट वाजून गेली असेल, तर आता काय बोलणार. फक्त पहिल्या आरतीतला माझा वरचा सूर नदीपलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू गेला का, तेवढे कुणाला तरी विचारून कळवा.