माझ्या भावाचं 'हव'

मंगळवार, संध्याकाळ

गावच्या रस्त्यावर अपघातात डोक्याले मार लागल्यापासून प्रमोद कशालेही हवच म्हणते, म्हणजे हो. जेवतो का? हव. टीव्ही बंद करू का? हव. आधी प्रत्येक गोष्टीवर भांडायचा. पारावरचे बुढे लोक म्हणतात, पोट्टा किती शांत झाला. मले त्या 'हव'ची चीड येते. एकदा तरी भांड ना बाबा.

आज ऑफिसातून थकून आलो, त्याले आंघोळीले उठवलं. हात झटकून म्हणाला, "नाही. मले नाही करायची."

मी ओरडलो, "नाटकं नको करू. ऊठ."

"हव, दादा." उठला.

अंगावर पाणी टाकताना ध्यानात आलं. अपघातानंतर पहिल्यांदा तो 'नाही' म्हणाला होता. मग्गा खाली ठेवला. विचारलं, "नको का रे आंघोळ? राहू देऊ?"

"हव," म्हणाला.