साताऱ्यात छत्तीस, सांगलीत चोवीस

माधवनगर, गुरुवार दुपार

…आणि दूध उतू गेलं ते त्या फोनमुळं, वन्सं. परवा सकाळची गोष्ट. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तव्यात पल्लवीच्या डब्याची भाकरी, पुढची अर्धी थापलेली, बादली नळाखाली आणि माझे दोन्ही हात पिठाचे. कोपरानं फोन चालू केला आणि पुढचा पाऊण तास मी तिथंच उभी राहिले. दूध गेलं, भाकरी करपली, बादलीचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, आणि माझी लेक डब्यात दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बँकेत गेली. माझं तोंड बघून जाताना तिनं विचारलं, "आई, कुणी गेलं का?" म्हटलं, "न्हाई गं, माझे दोन आकडे निघालेत."

नमस्कार आधी घालायचा असतो, तो राहिलाच. इथं घालते, वाकून घातला आहे असं समजा. गुडघा कसा आहे? सोमवारी तुमच्या कोयनानगरला भूकंपाचा धक्का बसल्याचं पेपरात वाचलं, पण भांडी पडल्याशिवाय तुम्ही अंथरूण सोडत नाही हे ठाऊक असल्यामुळं काळजी केली नाही. फोन करायचा तर तुमच्याकडं रेंज नसते, आणि रेंज आली की तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. लांबेल. चहा ठेवून वाचायला बसा.

तुम्ही ज्याला गुरं नसताना काठी घेऊन हिंडणं म्हणता, त्या खेळातली ही हकिगत आहे. तुमच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, पलटणीत अकरा वर्षं गोल्फच्या मैदानाचं गवत राखलं आणि येताना तो खेळ पेन्शनीबरोबर घरी आणला, हे तुम्हाला माहीत आहे. साताऱ्याच्या माळावर माजी सैनिकांनी नऊ होलचं मैदान केलं तेव्हा ह्यांचा सभासद नंबर सतरा होता. हे गेल्यावर क्लबच्या नियमाप्रमाणं तो नंबर माझ्या नावावर झाला. (फॉर्मवर 'खेळता येते का' या प्रश्नापुढं मी 'सामान उचलता येते' असं लिहिलं होतं.) तेव्हापासून मी पंधरा दिवस साताऱ्याला तुमच्या भाऊसोदादांच्या घरी असते आणि पंधरा दिवस इथं लेकीकडं. इथं बंद पडलेल्या मिलच्या मोकळ्या जागेत एक क्लब आहे. संध्याकाळी पाचला दोन कप चहा टाकायची सवय मोडेना, दुसरा कपही मीच पिऊन साखर वाढवून घेतली, तेव्हा पल्लवीनं मला ह्या क्लबात घातलं. अशी मी दोन क्लबांची सभासद. सबंध भावकीत कुणी एकाचाही नाही, दादा सोडून.

आता हँडिकॅप म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक मैदानाचे फटके ठरलेले असतात. तुम्हाला त्याहून जितके जास्त लागतात, साधारण तितकी सूट तुमच्या नावावर लिहून ठेवतात. तो आकडा म्हणजे हँडिकॅप. कच्च्या माणसाला मोठा आकडा, पक्क्याला लहान. सामना झाला की आपल्या फटक्यांतून आपली सूट वजा करायची, म्हणजे सत्तरीचा म्हातारा आणि विशीतला पोरगा बरोबरीनं खेळू शकतात. मला हे फार आवडलं. जगात कुठंतरी एक जागा आहे जिथं माणूस किती कमी आहे ते आधी लिहून घेतात आणि मग त्याला रांगेत उभं करतात. (ही माहिती ह्यांच्या नियमांच्या पुस्तकातली. इंग्रजी आहे. पल्लवीनं पहिली चार पानं सांगितली आणि कंटाळली, पुढची मी शब्दकोश घेऊन सहा महिन्यांत काढली. चौथीत शाळा सुटली त्याचा सूड.)

तर माझा आकडा साताऱ्याला छत्तीस आणि सांगलीला चोवीस. मला वाटायचं असंच असतं. इथलं मैदान सपाट, तिथलं उतरणीचं, शिवाय दोन ठिकाणी दोन वजनकाटेसुद्धा वेगळं दाखवतात. पण खरं कारण मला माहीत होतं, वन्सं, आणि ते मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

साताऱ्याला मी दादांबरोबर खेळते. मोठ्या दिरापुढं मी आजवर खुर्चीवर बसलेली नाही. ते ओट्यावर असले तर मी मागच्या दारानं जाते. मग त्यांच्या चेंडूच्या पुढं माझा चेंडू जाऊन बसला तर मला कसं वाटेल? पहिल्याच दिवशी तसं झालं. दादा त्यांच्या चेंडूपाशी उभे आणि माझा चेंडू वीस पावलं पुढं, उघड्यावर, पांढराशुभ्र. मला पदर कुठं ओढू असं झालं. त्या दिवसापासून मी चेंडू गवतात घालायला शिकले. होलपाशी आला की चार बोटं अलीकडं थांबवायचा. तेही सोपं नसतं हो! मुद्दाम चुकायला नेम लागतो. दोन वर्षांत असे एकशे तेरा फटके मी घालवले (मोजलेत), आणि त्याबद्दल दादांनी मला, "अर्जुना, मान वर करू नगंस," हे तितक्याच वेळा शिकवलं. सांगलीत मला कोण ओळखतं? इथं मी बिनपदराची, टोपी घालून, जोरात मारते.

हे असंच चाललं असतं. पण इथल्या क्लबातली पूजा, जी सगळ्यांचे आकडे कॉम्प्युटरवर ठेवते, तिनं परवा दोन्ही क्लबांची यादी एकत्र केली आणि त्यात एकाच जन्मतारखेच्या दोन अर्जुना निघाल्या. तोच फोन. ती म्हणाली, "काकू, माणूस एक तर आकडा एक. क्लब दहा असू देत." मतदार यादीचं कसं असतं, नाव दोन गावांत सापडलं की गुन्हा, तसंच म्हणे. खेळा कुठंही, पण फटके लिहिलेली कार्डं सगळी एकाच वहीत. शेवटची वीस कार्डं घ्यायची, त्यातली सगळ्यात चांगली आठ निवडायची आणि त्यांच्यावरून आकडा काढायचा. उरलेली बारा बघायचीसुद्धा नाहीत.

माझ्या विसात साताऱ्याची नऊ आणि सांगलीची अकरा. चांगली आठ निघाली ती आठही सांगलीची. साताऱ्याची नऊच्या नऊ बाजूला पडली. दोन वर्षांचा माझा सगळा नम्रपणा, सगळी सुनेची वागणूक, त्या यंत्रानं एका बोटानं बाजूला सारली आणि आकडा सांगितला: पंचवीस. वन्सं, पंचवीस! साताऱ्याचं मैदान अवघड म्हणून तिथं खेळताना त्यावर दोन जादा मिळतात, पण आकडा पंचवीसच. छप्पन्न वर्षांच्या, चौथी शिकलेल्या, एक डोळा मोतीबिंदूचा असलेल्या बाईला! मी ओट्यापाशी उभ्या उभ्या "आगं बया" म्हणाले ते पूजानं स्पीकरवर सगळ्या ऑफिसला ऐकवलं.

मग तिनं विचारलं, "काकू, ही वही कुठं ठेवायची? तुमचं घरचं मैदान कुठलं?" नियमच तसा आहे, एक क्लब घरचा म्हणून सांगावा लागतो, तोच आकडा सांभाळतो आणि बाकीच्यांनी तो मानायचा. ती सहज विचारत होती. पण हे गेल्यापासून तीन वर्षांत माझं घर कुठलं असं मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे 'सध्या कुठं असता' असं विचारतात. दूध उतू गेलं ते त्याच वेळी. मी म्हटलं, सातारा. तिथं नंबर सतरा आहे.

म्हटलं खरं, आणि संध्याकाळी तिथल्या क्लबचे सेक्रेटरी आकाराम यांचा फोन आला. तेही ह्यांच्याच पलटणीतले, बोलणं पहिल्यापासून तोफेसारखं. "वैनी, हितं छत्तीस आन् सांगलीत चोवीस? कराड वलांडलं की माणूस बदलतंय व्हय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "रविवारी कप हाय. न्हवा आकडा मला फळ्यावर लावायला लागंल. लोक म्हंतील, सयाजीच्या बायकूनं कपासाठी आकडा फुगवून ठिवला हुता."

कप म्हणजे ह्यांच्या नावाचा कप. दादांनीच सुरू केला. (दोन्ही वर्षी तो दादांनीच जिंकला. देणारे तेच, घेणारे तेच, त्यामुळं कप अजून त्यांच्या कपाटाबाहेर राहिलेला नाही.) आता सांगा मी काय करावं? खरं सांगितलं की सुभेदार मेजर भाऊसो दोन वर्षं भावजयीनं सोडलेल्या सामन्यांवर मिशी पिळत होते असं म्हणून सगळा माळ हसणार. नाही सांगितलं तर मी लबाड, आणि तेही ह्यांच्या नावाच्या कपात. एकशे तेरा वेळा वाकून मी दोघा भावांपैकी एकाचं नाक कापायची सोय केली.

रात्रभर असा विचार करता करता मला एक जुनी गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगितलेली नाही. ह्यांच्या दुखण्याच्या पहिल्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. नुसतं चालायला हे तयार नसत, म्हणून काठ्या घेऊन जायचो. मी नुकतीच मारायला शिकले होते आणि ह्यांना धाप लागायची, म्हणून मी हळूच हरायची. ह्यांना वाटायचं आपण सुधारतोय, असं मला वाटायचं. एक दिवस चेंडू होलच्या तोंडाशी होता, मी तो बाजूनं काढला. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळी मला जिंकू द्यायला लागली की मला कळतं, मी चाललोय. तू तरी खरं खेळ." त्यानंतर मी खरं खेळले. शेवटच्या महिन्यात मी त्यांना चार वेळा हरवलं आणि चारी वेळा ते घरी येईपर्यंत हसत होते.

दादा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. आणि मी त्यांना दोन वर्षं जिंकू देते आहे.

एक मात्र त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. त्यांचा स्वतःचा आकडा एकोणीस आहे आणि तो माझ्यामुळं आलेला नाही. हँडिकॅप माणसाविरुद्ध नसतो, जमिनीविरुद्ध असतो. मी हरले काय, जिंकले काय, ते एकोणीस त्यांचेच. पुस्तकात आहे, पान मी दुमडून ठेवलं आहे.

असो. पल्लवी बरी आहे. जावई बदलीच्या खटपटीत आहेत. तुमच्यासाठी इथली हळद घेऊन ठेवली आहे. गुडघ्याला तेल लावत जा. सर्वांना ज्याचा त्याचा नमस्कार आणि आशीर्वाद, तुम्हाला सगळ्यात मोठा.

तुमची भावजय,
अर्जुना

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलं. दादांना अजून 'भाऊश्या' म्हणणारं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुम्ही पत्र मिळताच, रविवारच्या आत, त्यांना फोन करून हे सगळं सांगाल का? जेवण झाल्यावर सांगा. आधी आकाराम भावोजींची चूक म्हणून सुरुवात करा, मग कॉम्प्युटरची, आणि अगदी शेवटी माझी.

ता. क. २. गुरुवारीच, दिवेलागणीला. वन्सं, फोन करू नका. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं आहे. तुमच्याकडून निरोप धाडायचा आणि आपण सांगलीत बसायचं, हा एकशे चौदावा फटका होईल. (आणि तुम्ही चूक कुणाची हे सुरुवातीलाच सांगून टाकाल.)

ता. क. ३. शनिवार, सातारा. पत्र टाकायचं विसरून पिशवीतूनच इथं आलं, आता इथल्याच पेटीत टाकते. दादा माझ्याशी कालपासून तीनच शब्द बोललेत, "मीठ कमी हाय." पण आज सकाळी त्यांनी काठ्या उन्हात काढून एकेक पुसली. राग आहे की तयारी, ते उद्या मैदानावर कळेल. मी एवढंच केलं: काल, शुक्रवारी, सकाळी सहाच्या एसटीनं साताऱ्याला आले, दादांच्या समोर बसून सगळं माझ्या तोंडानं सांगितलं, फळ्यावरचं छत्तीस पुसून पंचवीस लिहिलं, आणि त्यांच्याबरोबर नऊच्या नऊ होल खरे खेळले.